कानाचं ऑपरेशन झालं, मग केस का गळतायत?

ऑपरेशन डाव्या कानाचं झालं आणि टक्कल पडलं डोक्याच्या मागे, उजव्या बाजूला. किंवा कान छान भरून आला, डॉक्टर खूश झाले, आणि अडीच महिन्यांनी न्हाणीघराच्या जाळीत रोज केसांचा पुंजका अडकायला लागला. अशा वेळी घरात जे तर्क लढवले जातात ते ठरलेले असतात: भूल जास्त झाली, औषधं गरम पडली, एखादी नस कापली गेली असणार. कानाच्या डॉक्टरांना विचारावं तर ते म्हणतात, "केसांचं राहू द्या, कान कोरडा ठेवा." त्यांचं चुकत नाही, पण आपल्याला उत्तर काही मिळत नाही.

उत्तर तसं अवघड नाही. कानाच्या ऑपरेशननंतर केस जाण्याची वेगवेगळी कारणं असतात. केस कधी गेले आणि डोक्यावर नेमके कुठून गेले, एवढ्या दोन गोष्टी नीट पाहिल्या की बहुतेक वेळा कारण ओळखता येतं. त्यातली बरीचशी गळती तात्पुरती असते. जिथे नसते तिथेही तसं का झालं हे सांगता येतं.

## कान दुरुस्त करायला डोक्याला हात कशाला?

आपल्याकडे मोठ्या माणसांच्या कानाची ऑपरेशनं होतात ती बहुतेक कान फुटण्यामुळे. लहानपणापासून सर्दी झाली की कान वाहतो, पडद्याला भोक पडतं, ते बुजत नाही आणि ऐकू कमी येतं. हा पडदा जेमतेम एक सेंटिमीटर उंचीचा असतो आणि कानाच्या छिद्रापासून साधारण अडीच सेंटिमीटर आत असतो. तिथवर पोचायची एक वाट कानाच्या छिद्रातून जाते. दुसरी, जास्त ऐसपैस वाट कानामागून जाते. कानामागे हाताला लागणारं जे उंचवट्याचं हाड आहे, त्याला मास्टॉइड म्हणतात. ते आतून सच्छिद्र असतं. रोग तिथवर गेला असेल तर ते कोरून साफ करावं लागतं. "हाड सडलंय" असं गावाकडे म्हणतात ते याच हाडाबद्दल.

कानामागच्या या चिऱ्याला वैद्यकात अजून वाइल्डचं नाव आहे. एकोणिसाव्या शतकातले डब्लिनचे सर्जन विल्यम वाइल्ड, म्हणजे लेखक ऑस्कर वाइल्ड यांचे वडील. तेव्हा हा चिरा कानामागे साठलेला पू काढायला घेत. आज त्याच जागेतून पडदा बसवतात.

आणि हा नवा पडदा येतो कुठून? लोकांना वाटतं प्लास्टिकचा असेल किंवा विकत मिळत असेल. तो तुमचाच असतो. कानाच्या वर, कानशिलाशी चावण्याचा स्नायू आहे. दात आवळले की बोटाला लागतो तो. त्याच्यावर पांढरट, चिवट अस्तर असतं. त्याचा रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा काढतात, त्याला चिकटलेले मांसाचे धागे पात्याने खरवडतात आणि पसरून वाळवतात. ओला असताना लिबलिबीत असलेला तो तुकडा वाळला की ताठ होतो आणि हव्या त्या मापाने कापता येतो. म्हणून ऑपरेशननंतर काही दिवस भाकरी चावताना कानशील दुखतं. केसांच्या प्रदेशात सर्जनचा हात पोचतो तोही याच कारणाने.

## जे गळलेच नाहीत ते केस

सगळ्यात साधं कारण आधी. चिऱ्याच्या आसपासचे केस ऑपरेशनआधी काढलेले असतात. कानामागे आणि वर दोनएक बोटांची पट्टी. पेशंट तेव्हा घाबरलेला असतो, त्याला आठवत नाही. पट्टी सुटल्यावर आरशात मोकळी जागा दिसते आणि केस "गेले" असं वाटतं. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे दोन महिन्यांत जागा झाकते, पण लांब केसांच्या बाईला ती बट बाकीच्या केसांत मिसळायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. तोवर ते आखूड केस उभे राहणारच.

इथे एक गोष्ट ऑपरेशनआधी विचारण्यासारखी आहे: केस किती काढणार आणि कशाने? ब्लेडने गुळगुळीत केलं म्हणजे स्वच्छ झालं, ही जुनी समजूत. ब्लेडने कातडीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात आणि जंतूंना तेच हवं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली ऑपरेशनच्या जखमांबाबत जी मार्गदर्शक सूत्रं काढली त्यांत स्पष्ट म्हटलंय की केस शक्यतो काढूच नयेत, काढायचेच तर मशीनने कापावेत, ब्लेड वापरू नये. त्यामुळे आदल्या रात्री घरी "मदत म्हणून" कानामागे ब्लेड फिरवून जाऊ नका. बरेच सर्जन आता अगदी थोडे केस काढतात, बाकीचे ओले करून चिकटपट्टीने बाजूला दाबतात. दुर्बिणीने छिद्रातून पडदा बसवता येत असेल तर कानामागे चिरा लागत नाही. पण प्रत्येक कानाला ते जमत नाही. हाड कोरायचं असेल तर मागूनच जावं लागतं. तेव्हा "अमक्याचं तर दुर्बिणीने केलं" हा वाद घालण्यात अर्थ नाही.

यातच मोडणारा आणखी एक प्रकार. पट्टी सुटते तेव्हा सुकलेलं रक्त आणि मलम यांनी केसांची गुठळी झालेली असते. ती कंगव्याने ओढली की केस तुटतात, मुळातूनही निघतात. टाके भिजवायची परवानगी मिळाल्यावर कोमट पाण्याने भिजवून बोटांनी एक-एक बट सोडवा. घाई करून अर्धा गुंता कात्रीने कापणारे पुढे महिनोन् महिने हळहळतात.

## चिऱ्याच्या कडेला विरळ पट्टा

दुसरी गळती खरी असते. ऑपरेशननंतर काही आठवड्यांत चिऱ्याच्या दोन्ही बाजूंचे केस विरळ होतात. केसाचं मूळ कातडीच्या खालच्या थरात असतं आणि बारीक रक्तवाहिन्यांवर जगतं. चिरा, रक्त थांबवायला दिलेला विजेचा चटका, टाक्यांचा ताण यांनी त्या वाहिन्यांना धक्का बसतो. मूळ मरत नाही, कामबंद पडतं. तीनेक महिन्यांत बारीक लव दिसायला लागते.

कायमचे केस जातात ते नेमक्या व्रणावर, कारण व्रणाच्या कातडीत केसांची मुळंच नसतात. ही रेघ सहसा सुतासारखी असते आणि कानामागच्या घडीत लपते. ती रुंद होते ती जखम पिकली, टाके उसवले किंवा चटका खोलवर गेला तर. कानशिलाच्या अस्तराचा मोठा पदर उलटवून घेतात त्या ऑपरेशनांत, उदाहरणार्थ जन्मतः कान न घडलेल्या मुलांसाठी बरगडीच्या कूर्चेपासून नवा कान करताना, डोक्यावर लांब विरळ पट्टा राहण्याचा धोका जास्त असतो. त्या मुलांच्या आईवडिलांनी हे आधीच विचारून घ्यावं.

## उलट्या बाजूचं टक्कल

आता ते डाव्या कानाचं ऑपरेशन आणि उजवीकडचं टक्कल. डावा कान वर यावा म्हणून डोकं उजवीकडे वळवलेलं असतं आणि तास-दोन तास, कधी त्याहून जास्त, तसंच राहतं. एरवी आपण झोपेतही कूस बदलतो, डोकं हलवतो; भुलीत ते होत नाही. डोक्याचं सगळं वजन कातडीच्या एका लहानशा जागेवर येतं, वरून हाड आणि खाली टेबल. तिथला रक्तपुरवठा अडतो. याला दाबामुळे येणारं टक्कल म्हणतात.

त्याची खूण अशी: ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत ती जागा हुळहुळते, थोडी सुजते, कधी खपली धरते. मग काही दिवसांपासून महिनाभरात तिथले केस एकगठ्ठा जातात आणि गोलसर मोकळी जागा उरते. बहुतेकांचे केस तीन-चार महिन्यांत परत येतात. दाब फार वेळ राहिला, खपली खोल धरली तर मात्र काही भाग कायमचा जाऊ शकतो. टाळायचा उपाय साधा आहे: डोक्याखाली मऊ जेलची गादी आणि मधूनमधून डोकं थोडं हलवणं. भूलतज्ज्ञांना हे माहीत असतं. लांबलचक ऑपरेशन ठरलं असेल तर आधी विचारायला संकोच करू नये. प्रश्न अपमानाचा नाही. घट्ट बांधलेल्या पट्टीखालीही असंच घडू शकतं, विशेषतः लहान मुलांत. मूल पट्टीखाली एकाच जागी दुखतंय म्हणून रडत असेल तर ते हट्ट करतंय असं धरून चालू नका.

## अडीच महिन्यांनी एकदम, आणि सगळीकडून

लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते या गळतीला, आणि सगळ्यात नक्की परत येणारे केस याच गळतीतले. यात टक्कल पडत नाही. डोकं सगळीकडून विरळ होतं. उशीवर, कंगव्यात, ताटात, सगळीकडे केस. कानाचा आणि याचा संबंध लोकांना लागतच नाही, कारण मध्ये दोन-तीन महिने गेलेले असतात.

डोक्यावर साधारण लाखभर केस असतात. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग थांबतो, तीनेक महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा येतो. एरवी हे आंब्याच्या झाडासारखं चालतं. आंब्याची जुनी पानं थोडी थोडी पडत असतात, म्हणून झाड कधी बोडकं दिसत नाही. रोज ५० ते १०० केस जाणं म्हणजे ही चालू पानगळ. पण शरीराला मोठा धक्का बसला, मग तो ऑपरेशनचा असो, तापाचा, बाळंतपणाचा की उपासमारीचा, की वाढीतले खूप केस एकाच वेळी विश्रांतीत जातात. मग डोकं त्या हंगामापुरतं पिंपळ होतं: सगळी पानं एकदम, आणि पाठोपाठ पालवी. विश्रांती तीन महिन्यांची, म्हणून गळती दिसते ती धक्क्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. वैद्यकात याला टेलोजन एफ्लुवियम म्हणतात; हे नाव अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये दिलं. करोनाच्या लाटांनंतर घरोघरी जे केस गळले तेही बहुतांशी हेच.

"पण केस मुळासकट येतायत!" हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो. टोकाला पांढरा ठिपका दिसतो, म्हणून. तो ठिपका म्हणजे विश्रांती संपवून निघालेल्या केसाची बोथट झालेली बुडखी. नवा केस घडवणारं मूळ कातडीतच असतं. उलट ठिपका दिसतोय याचा अर्थ केस तुटलेला नाही, वेळेवर गळलाय.

तीन ते सहा महिन्यांत ही गळती थांबते. थांबली नाही तर रक्त तपासावं: हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन, थायरॉइड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्तक्षय आढळला होता. महाराष्ट्रही त्याला अपवाद नव्हता. आधीच रिकाम्या डब्यातून शरीर जखम भरायला लोह काढतं, केसांच्या वाट्याला उशिरा येतं.

## भूल, औषधं, की बुलढाण्यासारखं काही?

भुलीचं औषध स्वतः केस गाळतं असं नाही. दाबाचं टक्कल भुलीत हालचाल थांबल्यामुळे येतं आणि नंतरची गळती एकूण धक्क्यामुळे. पाच-सात दिवसांच्या अँटिबायोटिकवरही आळ घ्यायचं कारण नाही. "गरम पडली" म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडणं मात्र कानाला महाग पडू शकतं.

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं हादरली. काही दिवसांतच अनेकांच्या डोक्यावरचे केस झडले. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तेव्हापासून जरा केस गळले की लोकांना शेगाव आठवतं. फरक असा की तिथे एकाच वेळी अनेक घरांत, ऑपरेशनशिवाय, झपाट्याने केस गेले. तुमच्या एकट्याच्या डोक्यावर, ऑपरेशननंतरच्या ठरलेल्या मुदतीत गळती होत असेल तर गव्हाला दोष देऊ नका. गुळगुळीत, नाण्याएवढा गोल डाग कुठेही अचानक पडला तर ती चाई असू शकते, खपल्या आणि खाज असेल तर बुरशी. तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

## केसांकडे बघताना कानाकडे दुर्लक्ष नको

मला खरी काळजी इथे वाटते. आरशासमोर केस मोजणारा पेशंट कानाच्या तपासणीची तारीख चुकवतो.

सुरुवातीला काय चालेल ते आधी. पट्टी सहसा एक ते तीन दिवसांत निघते, टाके असतील तर आठवडा-दहा दिवसांत. कानात विरघळणारा स्पंज भरलेला असतो, म्हणून काही आठवडे कान दडे बसल्यासारखा राहतो. "ऑपरेशन करून ऐकू आणखी कमी आलं" अशी तक्रार याच काळातली. ऐकण्याची खरी परीक्षा तीनेक महिन्यांनी. थोडं लालसर पाणी येणं, आत टकटक आवाज होणं, कान जरा पुढे आल्यासारखा वाटणं, हे चालतं. कानाची वरची पाळी बधिर राहते, कारण कातडीची बारीक संवेदना-नस चिऱ्याच्या वाटेत असते. काही महिन्यांत बहुतेक परत येते. तोवर हेअर ड्रायर त्या बाजूला नको, चटका बसला तरी कळत नाही. चहाला धातूची चव लागणं हेही चवीची नस मध्यकानातून जाते म्हणून.

काय चालणार नाही: वाढत जाणारं दुखणं, ताप, कानामागे फुगत चाललेली सूज, घाण वासाचा पू, खूप चक्कर, आणि तोंड वाकडं होणं किंवा डोळा पूर्ण न मिटणं. चेहऱ्याची नस याच हाडातून जाते. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. पुढच्या तपासणीपर्यंत थांबू नका.

"कान कोरडा ठेवा" हे चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, कसा ठेवायचा ते कुणी सांगत नाही. कापसाचा बोळा घ्या, त्याच्या बाहेरच्या बाजूला व्हॅसलीन जाड चोपडा आणि कानाच्या तोंडाशी बसवा, आत खुपसू नका. डोक्यावरून शॉवर घेण्याऐवजी मान मागे टाकून दुसऱ्या कुणाकडून मगाने केस धुवून घ्या. बोळा काढून टाका, तोच परत वापरू नका. शिंक आली तर तोंड उघडून द्या. नाक दाबून शिंक अडवली किंवा जोराने नाक शिंकरलं तर हवेचा दाब थेट नव्या पडद्यावर जातो.

## तेल, आंबट आणि गोळ्या

कानात लसणाचं कोमट तेल घालणारी एक आजी प्रत्येक घरात असते. ऑपरेशनच्या कानात डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांशिवाय काहीही नको. डोक्याला तेल लावायचं असेल तर जखम पूर्ण भरल्यावर आणि चिऱ्यापासून दूर. तेलाने केस मऊ होतील, पण गळायचे ते गळणारच. मालिश करताना हातात आले तर ते कालच सुटलेले होते.

आंबट खाल्लं की जखम पिकते, भाताने पू होतो, हे ऐकून आठवडाभर नुसत्या पेजेवर राहणारे लोक आहेत. जखमेला प्रथिनं लागतात: डाळ, अंडी, दही, शेंगदाणे, चालत असेल तर मासळी. खरं पथ्य तंबाखूचं आहे, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नवा पडदा, जखम, केसांची मुळं, सगळंच उपाशी पडतं. इथे विडी-सिगारेट सगळ्यांना आठवते. सकाळी मिश्री लावणाऱ्या मावशींना "तंबाखू खाता का?" विचारलं तर त्या प्रामाणिकपणे नाही म्हणतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणं हे कुठल्याही शाम्पूपेक्षा मोठं औषध.

बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. त्याची कमतरता क्वचित असते, आणि जास्त मात्रेने थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशाराही दिला होता.

## कानामागे यंत्र असेल तर

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून बसवलेलं यंत्र, असलेल्या मुलांची गोष्ट थोडी निराळी. कातडीखाली एक चुंबक असतो, बाहेरचं चकतीसारखं यंत्र त्याला चिकटतं. बाहेरचा चुंबक गरजेपेक्षा जोरदार असेल तर मधली कातडी दिवसभर चिमटल्यासारखी राहते. चकतीच्या आकाराचाच गोल विरळ डाग पडतो, कातडी लाल होते. हे केसांचं दुखणं नाही. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, जाऊन कमी ताकदीचा चुंबक लावून घ्या. लाली, दुखणं किंवा ओलसरपणा असेल तर तपासून होईपर्यंत चकती लावू नका.

## आणि आलेच नाहीत तर?

सहा महिन्यांनी चांगल्या उजेडात, केस बाजूला करून फोटो काढा. आधीचा फोटो असेल तर शेजारी ठेवा. जागेवर लव दिसत असेल, मग ती कितीही बारीक असो, मुळं जिवंत आहेत, थांबा. कातडी चकचकीत, ताणलेली आणि छिद्रांशिवाय दिसत असेल तर तिथे व्रण आहे आणि कुठलंही तेल किंवा औषध तिथे केस उगवणार नाही. व्रण जाड होऊन फुगत, खाजत असेल तर तो केलॉइड असू शकतो. त्यावर लवकर इंजेक्शन सुरू केलेलं बरं. नुसती मोकळी रेघ असेल तर व्रण पूर्ण मुरायला वर्षभर द्या. त्यानंतर प्लास्टिक सर्जन ती रेघ कापून बारीक शिवू शकतात किंवा मागचे केस तिथे रोवू शकतात. मात्र कान वाहायचा पूर्ण थांबलाय आणि तिथे पुन्हा उघडावं लागणार नाही, हे कानाच्या डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या.